सारण आधी संपते

दिवाळी अंकाचा मजकूर संपादकांना गणपती उठायच्या आत हवा असतो. त्यामुळे आम्हा लिहिणाऱ्यांची दिवाळी नेहमी भाद्रपदात येते. तोंडात मोदक आणि कागदावर चकली, असा सगळा प्रकार. यंदा तर संपादकांची आठवण नेमकी चतुर्थीच्या सकाळी आली. "काहीतरी हलकंफुलकं, घरगुती द्या. रसायनशास्त्र असलं तरी चालेल, पण वास येता कामा नये," असे त्यांचे म्हणणे. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला, तोच स्वयंपाकघरातून हाक आली,

"अहो, सारण संपलं!"

वाचकहो, ज्या घरात उकडीचे मोदक होतात त्या घरात या हाकेचा अर्थ सांगायला नको. उकड एक्कावन्न मोदकांची मळलेली होती. सारण मात्र बेचाळिसाव्या मोदकाला थांबले. एक नारळ खवट निघाला होता आणि त्याच्या जागी दुसरा आणायला मी विसरलो होतो; हा भाग मी इथे फार लांबवीत नाही. उरलेल्या उकडीत मिरची, जिरे आणि मीठ घालून हिने निवगऱ्या केल्या. खरे सांगायचे तर आमच्या घरी मोदकांपेक्षा निवगऱ्यांवरच अधिक झडप पडते, आणि सारण दर वर्षी कमीच का पडते, याविषयी मला थोडा संशय आहे.

आमची नात मुक्ता बारावीला आहे. ती एका हाताने पाऱ्या करीत होती आणि दुसऱ्या बाजूला तिची वही उघडी होती. ती एकदम म्हणाली, "आजोबा, हेच की ते! लिमिटिंग रिएजंट!"

मराठी पुस्तकांत याला 'मर्यादक अभिक्रियाकारक' म्हणतात. हे नाव ऐकले की मला एखाद्या सरकारी कचेरीतला हुद्दा आठवतो. पण गोष्ट साधी आहे. दोन वस्तू मिळून तिसरी व्हायची असेल तर दोहोंपैकी जी आधी संपते, तीच किती माल होणार हे ठरवते. दुसरी कितीही उरो, तिची निवगरी होते.

मी मुक्ताची वही पाहिली. गणित होते पाण्याचे. हायड्रोजन १० ग्रॅम, ऑक्सिजन ६४ ग्रॅम. पाणी किती होईल? मुक्ताने 'हायड्रोजन आधी संपेल' असे लिहून खाली रेघही मारली होती.

"कशावरून?" मी विचारले.

"दहाच ग्रॅम आहे की! इकडे चौसष्ट."

इथेच सगळे फसतात. निसर्गाच्या हिशेबात ४ ग्रॅम हायड्रोजनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, तेव्हा ३६ ग्रॅम पाणी होते. म्हणजे ६४ ग्रॅम ऑक्सिजनला हायड्रोजन पुरतो तो फक्त ८ ग्रॅम. पाणी ७२ ग्रॅम होते, आणि जो हायड्रोजन इतका थोडा दिसत होता त्यातलाच २ ग्रॅम उरतो. चौसष्टवाला आधी संपला! वजनाने कमी कोण, हा प्रश्नच नाही. गरजेच्या मानाने तोकडे कोण, हा प्रश्न आहे. लग्नात पंगतीला पाचशे पाने आणि मठ्ठ्याची दोनच पिंपे असली, तर पिंपे जड म्हणून काही मठ्ठा पुरत नाही.

आता राहिला 'यील्ड'. याला आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे, आणि तो कुणा विद्वानाने घडवलेला नाही. साखर कारखान्याच्या फाटकावर उभा असलेला कोणताही शेतकरी तो बोलतो: उतारा. शंभर किलो उसातून अकरा किलो साखर निघाली, तर उतारा अकरा टक्के. रसायनशास्त्राचा उतारा मात्र थोडा कडक शिस्तीचा. तो कच्च्या मालाशी तुलना करीत नाही; जितके होणे शक्य होते त्याच्याशी करतो. आमच्याकडे सारण बेचाळीस मोदकांचे होते. त्यांतले दोन उकडताना फुटले. हाती आले चाळीस. उतारा पंच्याण्णव टक्के. एक्कावन्नाशी तुलना करायची नाही. एक्कावन्न ही केवळ उकडीची महत्त्वाकांक्षा होती.

मुक्ताला हे पटले, ती निवगऱ्यांकडे वळली आणि मी लिहायला बसलो. पण लेखणी मोदकावरून साबणावर गेली. संपादकांची अट वासाची होती, साबणाची नव्हती, तेव्हा चालेल.

*

१२ जुलै १९६१ या तारखेला पुण्यात कुणी विसरलेले नाही. पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. आम्ही नारायण पेठेत, नदीच्या अगदी शेजाराला. आमची दोन खोल्यांची बिऱ्हाडाची जागा त्या दिवशी पाण्याखाली गेली आणि पाणी उतरले तेव्हा खाली राहिला हातभर चिखल. वडील एका छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करीत. छापखाना आमच्यापेक्षाही खाली होता. खिळ्यांच्या पेट्यांमध्ये गाळ घट्ट बसलेला मी पाहिला आहे. 'क'च्या घरातून 'ज्ञ' काढावा तसे वडील बोटाने चिखलातून खिळे वेचीत होते. पुढे काही महिने त्या छापखान्यात काही छापले गेले नाही, आणि वडिलांना पगार नव्हता.

मी तेव्हा सतरा वर्षांचा, नुकताच कॉलेजात गेलेला, शास्त्र शाखेत. माझ्या पाठची शकू नऊ वर्षांची. आईने तिच्या एका मावसबहिणीकडून कपडे धुण्याचा साबण करायची कृती शिकून घेतली आणि दिवाळीच्या तोंडावर घरात साबण करायला सुरुवात केली. खोबरेल तेल, कॉस्टिक सोडा, पाणी आणि एक लांब दांड्याचा लाकडी चाटू, भांडवल एवढेच. तेल वाण्याकडून उधारीवर. बाजारात किलो नुकताच आला होता, पण आईचा हिशेब शेर-तोळ्यांत चाले. मावसबहिणीने तिला सांगितलेले प्रमाण मला आजही पाठ आहे: शेरभर तेलाला चौदा तोळे सोडा. ना कमी, ना जास्त.

पहिले दोन घाणे उत्तम उतरले. वड्या पांढऱ्या, फेसाळ. वाड्यातल्या बायकांनी नेल्या, त्यांनी शेजारच्या वाड्यात सांगितले, आणि दिवाळीसाठी मोठी मागणी आली. दहा शेर तेलाचा घाणा घालायचा ठरला.

आणि इथे माझे शिक्षण आडवे आले.

त्याच आठवड्यात मी पुस्तकात वाचले होते की दोन द्रव्यांपैकी महाग असेल ते पुरेपूर वापरले जावे म्हणून स्वस्त द्रव्य गरजेपेक्षा जास्त घालतात. म्हणजे महागाचा कणही वाया जात नाही आणि उतारा वाढतो. मला ते इतके आवडले की मी रात्री झोपेतही तेच घोकत असलो पाहिजे. आमच्या घरात महाग काय? तेल. स्वस्त काय? सोडा. मग शेराला चौदाच तोळे का? वीस घाला! तेल सगळे वापरले जाईल, वर सोड्याचाही साबण होईल, वड्या जास्त पडतील. आईला हे मी इतक्या आत्मविश्वासाने सांगितले की ती जरा थबकली आणि म्हणाली, "तू शिकलेला आहेस. तूच मोजून दे."

मी मोजून दिले. दहा शेर तेलाला दोनशे तोळे सोडा.

वाचकहो, पुस्तकातले वाक्य खोटे नव्हते. कारखान्यांत असेच करतात. पण त्या वाक्यात एक गोष्ट गृहीत होती, ती सतरा वर्षांच्या डोक्यात शिरली नाही: जे उरणार आहे ते शेवटी वेगळे काढता आले पाहिजे. साबणाच्या वडीतून उरलेला सोडा कोण वेगळा काढणार? तो वडीतच बसतो आणि हाताची वाट पाहतो.

हिशेब सांगतो. खोबरेल तेलाच्या एका किलोचा पूर्ण साबण व्हायला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. शेराच्या भाषेत साडेचौदा तोळ्यांच्या किंचित वर. म्हणजे मावसबहिणीचे चौदा तोळे हे मुद्दाम थोडे कमी ठेवलेले होते. सोडा आधी संपला पाहिजे आणि चार-पाच टक्के तेल मागे उरले पाहिजे, कारण तेल उरले तर हात मऊ राहतो आणि सोडा उरला तर कातडी निघते. स्वस्त असून सोडाच तोकडा ठेवायचा, कारण तो धोक्याचा. त्या बाईंनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते, पण कोणती वस्तू आधी संपू द्यायची हे त्यांनी बरोबर निवडले होते. मी वीस तोळे घातले तेव्हा शेरामागे जवळजवळ साडेपाच तोळे सोडा मोकळा राहिला. तेल जितके होते तितकाच साबण झाला. एक वडीदेखील जास्त झाली नाही.

वड्या घट्ट मात्र झटकन झाल्या, त्यामुळे मी खूष होतो. त्यांच्यावर पांढरी भुकटी चढली होती. मला वाटले, शुद्धतेची खूण!

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू आल्या. काही बोलल्या नाहीत; नुसते हात पुढे केले. बोटांच्या बेचक्या लाल होऊन सोलल्या होत्या. आईने तिथल्या तिथे एक वडी उचलली, तिला जिभेचे टोक लावले आणि चटका बसल्यासारखी मान मागे घेतली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. पदर खोचला, काकूंच्या हातांवर पाणी ओतून वर खोबरेल चोळले आणि पिशवी घेऊन ती घरोघर गेली. गेलेली प्रत्येक वडी तिने परत आणली आणि प्रत्येकीचे पैसे हातावर ठेवून आली. संध्याकाळी आमच्या घरात एक पैसा नव्हता आणि कोपऱ्यात दहा शेर तेलाचा साबण होता, जो कुणाला फुकट देण्याजोगाही नव्हता.

मी त्या रात्री जेवलो नाही. आई म्हणाली, "उपाशी राहून काय होणार? उद्या तुझ्या मास्तरांना विचार, हा सोडा मारायचा कसा."

मी विचारले. आमचे प्राध्यापक हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी फळ्यावर दोन ओळी मांडल्या आणि विचारले, "यात तोकडं काय आहे?" मी म्हणालो, "तेल." ते म्हणाले, "मग घाला."

इतके सोपे! उरलेला सोडा म्हणजे व्हायचा राहिलेला साबण. पण दोनशे तोळ्यांना चौदाच्या प्रमाणात आणायचे तर एकंदर सव्वाचौदा शेर तेल हवे. घातलेले दहा. राहिले सव्वाचार शेर. रसायनाचा प्रश्न संपला आणि वाण्याचा सुरू झाला. त्याची मागली उधारी तशीच होती. तो आणखी देईना.

घरात विकण्यासारखे काही पुराने ठेवले नव्हते. एक वस्तू तेवढी नवी होती. मामाने शकूसाठी दिवाळीला परकर-पोलक्याचे कापड घेऊन दिले होते, जांभळे, बारीक बुट्ट्यांचे. ते अजून शिवायला टाकलेले नव्हते. आईने ते कापड माझ्या हातात दिले आणि दुकानाचे नाव सांगितले. शकू दारात उभी होती. तिने विचारले नाही, मी सांगितले नाही. कापडवाल्याने घडी न मोडता परत घेतले. त्या पैशांत तेल आले.

मग दोन रात्री आम्ही त्या वड्या किसणीवर किसल्या, हाताला फडकी गुंडाळून. लोखंडी कढईत पाणी घालून कीस वितळवला, त्यात तेल ओतले आणि चाटू फिरवीत बसलो. ॲल्युमिनियमचे पातेले घ्यायचे नाही, सोडा ते खातो, एवढे तरी ज्ञान मी त्या दिवशी उपयोगी पाडले. पहाटे आईने जीभ लावली. पुन्हा लावली. मग ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली, "बघ तूच."

मी बघितले. चटका नव्हता.

*

आता शकूविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्या परकराची बोच नुसती परकराची नव्हती.

पुरानंतर आम्ही जिथे आसऱ्याला होतो तिथे ओल फार. ऑगस्टात शकूला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी चार चार लाखांची पेनिसिलीनची इंजेक्शने रोज दिली. रबरी बूच असलेली ती लहानशी बाटली, तळाशी पांढरी पूड. पाचव्या दिवशी पोरगी उठून बसली आणि तिने आमटी-भात मागितला. ही पूड कुठून येते, असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "लांबून नाही. पिंपरीहून."

पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना हा त्या काळी पुण्याच्या अभिमानाचा विषय होता. १९५४ साली कंपनी स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी हातभार लावला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलीन होऊ लागले. त्याआधी अवघ्या अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट पाहा. फेब्रुवारी १९४४. याच पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये, कस्तुरबा स्थानबद्धतेत आजारी होत्या. त्यांच्यासाठी पेनिसिलीन विमानाने कलकत्त्याहून आणावे लागले, इतके ते दुर्मिळ. ते शेवटी दिले गेले नाही. पुनःपुन्हा सुया टोचायच्या हे गांधीजींना मानवले नाही. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. आणि १९६१ मध्ये एका बेकार खिळे-जुळाऱ्याच्या मुलीला तेच औषध पेठेतल्या दवाखान्यात मिळाले. या दोन घटनांमध्ये जे घडले ते सारे उताऱ्याचे शास्त्र आहे.

फ्लेमिंगला लंडनमध्ये ती बुरशी १९२८ साली सापडली. पण ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी औषध म्हणून ते काढायला घेतले, तेव्हा उतारा असा की रडू यावे. बुरशी वाढवायला भांडी मिळेनात म्हणून इस्पितळातली रुग्णांची शौचाची भांडीसुद्धा त्यांनी वापरली. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला त्यांनी इंजेक्शने सुरू केली. माणूस सुधारू लागला. औषध पुरेना म्हणून त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलीन गाळून पुन्हा त्यालाच टोचले. तरी पाच दिवसांत साठा संपला. आजार उलटला आणि १५ मार्चला तो गेला. औषध गुणकारी होते, निदान बरोबर होते, सारण संपले.

आकड्यांत सांगतो, म्हणजे नीट कळेल. पेनिसिलीन युनिटांत मोजतात. एका मिलिग्रॅममध्ये १६६७ युनिटे. शकूचे एक इंजेक्शन चार लाखांचे, म्हणजे जेमतेम पाव ग्रॅम. सुरुवातीच्या बुरशीच्या पाण्यात मिलिलिटरमागे दोन युनिटे धरली, तर या एका इंजेक्शनला २०० लिटर पाणी लागले असते. तेही वाटेत काही वाया गेले नाही असे मानून. आजच्या कारखान्यांत तोच आकडा हजारोंनी मोजतात. पन्नास हजार धरला तर ८ मिलिलिटर पुरतात. घंगाळभर पाण्याचे काम दीड-दोन चमच्यांवर आले.

हे कसे झाले? थोडे जातीने, थोडे आहाराने. अमेरिकेत पिओरिया गावी १९४३ साली एका सडक्या खरबुजावर अधिक उताऱ्याची बुरशी मिळाली. पुढच्या सुधारलेल्या जाती तिच्यापासून काढल्या. मका भिजवल्यावर उरणारे पाणी तिला मानवते असेही तिथेच कळले. पण मला खरी गंमत वाटते ती त्यापुढच्या भागाची, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली. बी.एस्सी.च्या वर्षी आम्हा विद्यार्थ्यांची सहल पिंपरीला गेली होती. उंचच उंच पोलादी टाक्या, आत फिरणारी पाती, आणि सगळीकडे दाबाच्या हवेची घरघर. माझ्या डोक्यात साबण पक्का बसलेला. मी तिथल्या एका गृहस्थांना विचारले, "यात आधी काय संपतं? साखर?"

ते म्हणाले, "खायला कमी पडत नाही हो तिला. श्वास कमी पडतो."

हे वाक्य मी पुढे चाळीस वर्षे शाळेत सांगत आलो. एक लिटर पाण्यात साखर वाटेल तितकी विरघळते, ऑक्सिजन मात्र साध्या हवेतून ८ मिलिग्रॅमच्या आसपास. बुरशी तो क्षणात ओढून घेते. त्यात ती तंतूंनी वाढते, म्हणजे टाकीतले पाणी हळूहळू पिठल्यासारखे दाट होते आणि हवेचा बुडबुडा आतवर पोचेनासा होतो. म्हणून रात्रंदिवस, आठवडाभर, जंतूविरहित हवा खालून सोडत राहायचे आणि घुसळत राहायचे. घुसळले की फेस येतो; फेस मारायला तेल सोडायचे. बरे, साखर भरपूर आहे म्हणून एकदम वाढली तर बुरशी नुसती खाऊन सुस्तावते, अंगाने वाढते आणि पेनिसिलीन करायचे विसरते. तिला जेवण हात राखून वाढावे लागते. आणखी एक द्रव्य असते, फिनाइल ॲसेटिक ॲसिड. पेनिसिलीन-जीच्या रेणूचा एक तुकडा त्यातूनच येतो. ते कमी पडले तर माल कमी, आणि जास्त झाले तर बुरशीलाच विष. ते ऐकताना मला काकूंचे हात आठवले.

एवढे सगळे करून टाकीत झालेले पेनिसिलीन बाटलीत यायचे असते. गाळायचे, थंड करायचे, आम्ल घालून द्रावकात ओढायचे, पुन्हा पाण्यात आणायचे, स्फटिक करायचे. आम्लात पेनिसिलीन भराभर मोडते, म्हणून सगळे घाईने आणि गारठ्यात. समजा, अशा पाच पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीवर उतारा नव्वद टक्के पडला. विद्यार्थी म्हणतात, "नव्वद म्हणजे छानच की!" पाच वेळा नव्वदाचे नव्वद टक्के करा, हाती राहतात एकोणसाठ. एका भांड्यातले दूध दुसऱ्या भांड्यात ओतताना तळाशी राहते ते आईला दिसते. कारखानदाराला ते वर्षअखेर दिसते.

पिंपरीच्या कारखान्याचे पुढे काय झाले, हे पुणेकरांना ठाऊक आहे. नव्वदीच्या दशकात तो आजारी पडला. चीनहून येणारे पेनिसिलीन इतके स्वस्त की आपल्याकडच्या टाक्या एकामागून एक थंडावल्या. २०२४ मध्ये आंध्रात काकिनाड्याजवळ पेनिसिलीन-जी पुन्हा करायला सुरुवात झाली. मधल्या काळात आपल्याकडे बुरशीही होती, हवाही होती आणि माणसेही होती. तोकडे काय पडले, ते रसायनशास्त्राच्या पुस्तकात येत नाही, आणि संपादकांनी राजकारण लिहायला सांगितलेले नाही. असो.

*

ते दुसऱ्यांदा केलेले साबण दिसायला मुळीच चांगले नव्हते. कढईमुळे पिवळट, कडा वाकड्या. पण सव्वाचौदा शेर तेलाचे होते, म्हणजे ठरल्यापेक्षा वड्या जास्तच भरल्या. ज्या उताऱ्यासाठी मी एवढा खटाटोप केला तो अशा रीतीने मिळाला. आईने काकूंना दोन वड्या नेऊन दिल्या. त्यांनी आठ दिवस त्या नुसत्या कोनाड्यात ठेवल्या. मी त्यांना दोष देत नाही. दिवाळीची मागणी टळून गेली होती, तरी तुळशीच्या लग्नापर्यंत बहुतेक वड्या थोड्या कमी भावाने खपल्या आणि वाण्याची उधारी फिटली.

पाडव्याला शकूने जुनाच परकर नेसला. भाऊबीजेला तिने मला ओवाळले तेव्हा तबकात घालायला माझ्याजवळ काही नव्हते. मी एक वडी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. ती बघून आई काही बोलायला गेली आणि थांबली. शकूने कागद सोडला, वडी हुंगली, आणि न हसता आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळावर त्याच वडीने तो परकर धूत होती. घसघसून धुतला, पिळला, आणि चौकातल्या दोरीवर वाळत टाकून ती शाळेच्या मैत्रिणीकडे गेली. मी चौकात पायरीवर बसून राहिलो. ऊन वर आले, परकर वाळत गेला. मी दर थोड्या वेळाने उठत होतो आणि त्याच्या शिवणी बोटांत धरून ओढून बघत होतो.